कोठे दुखते, आणि कधी?

आमचा खंडाळा म्हणजे बोरघाटातला, बंगल्यांचा आणि धबधब्यांचा खंडाळा नव्हे. पुण्याहून साताऱ्याकडे निघाले की शिरवळ मागे पडते आणि खंबाटकीचा घाट लागण्याआधी जे तालुक्याचे गाव येते, ते आमचे. येथल्या बायका सकाळी एकमेकींना सांगतात, “आज अंग पार धरलंय.” हे साधे वाक्य किती मोलाचे आहे, हे भिगवणच्या पाहणीविषयी वाचले म्हणजे कळते.

लोणंद, फलटण, बारामती करीत गेले की उजनीच्या पाण्याकाठी भिगवण लागते. १९९६ साली पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांचे सहकारी तेथे गेले. जागतिक आरोग्य संघटना आणि संधिवाततज्ज्ञांचा आंतरराष्ट्रीय संघ यांनी मिळून आखलेला हा ‘कॉपकॉर्ड’ नावाचा कार्यक्रम. शिकवून तयार केलेले स्वयंसेवक घरोघर फिरले. ४,०९२ प्रौढांची विचारपूस झाली. त्यांतल्या ७४६ जणांचे काही ना काही दुखत होते. बहुतेकांचे दुखणे झिजेचे नाही तर कष्टाचे. खरा आमवात निघाला शेकडा अर्धा, म्हणजे दर दोनशे माणसांत एकाला.

हा आमवात मोठा विचित्र. शरीराचे रक्षण करणाऱ्या पेशी आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर उठतात आणि एकमेकींना निरोप धाडून आग भडकवीत राहतात. त्यांतल्या ‘टीएनएफ’ नावाच्या निरोप्याला अडवले तर सूज उतरते, हे १९९२ साली लंडनमध्ये रुग्णांवर दिसून आले. मार्क फेल्डमन हे प्रयोगशाळेतले, तर आपल्या लुधियान्यात जन्मलेले रवींदर मैनी हे रुग्ण तपासणारे. एकट्यादुकट्याचे हे काम नव्हतेच.

परंतु औषध कितीही नामी असले, तरी दोनशेतली ती एक बाई सापडायला हवी ना! (बाई म्हणतो, कारण हा रोग पुरुषांपेक्षा स्त्रियांना दोनतीन पटींनी अधिक.) “दुखते का?” असे विचारले तर झिजेवाली आणि आमवातवाली दोघीही “हो” म्हणणार. झिजेचे दुखणे कामाने वाढते, विसाव्याने उतरते. आमवातात सांधे पहाटे आखडलेले असतात, तास-तास मोकळे होत नाहीत आणि हालचालीने सैलावतात. म्हणून ‘कोठे’इतकेच ‘कधी’ विचारावे लागते, आणि तेही गावच्या बोलीत. ठणका वेगळा, कळ वेगळी, भरून येणे वेगळे, धरणे वेगळे. देशोदेशींचे आकडे एकमेकांशेजारी मांडायचे, तर या शब्दांचे माप आधी जुळायला हवे. मला तर हे काम पेशी रंगवून पाहण्याइतकेच नाजूक वाटते.

आमच्या शेजारच्या वहिनींच्या बोटांची पेरे सुजली, तेव्हा घरात तेल झाले, शेक झाला, “वयच झालं आता” हेही झाले. वय अवघे एकेचाळीस! अखेर डॉक्टरांनी विचारले, “सकाळी वेणी घालायला किती वेळ लागतो?”

वहिनी म्हणाल्या, “वेणी आता मुलगीच घालते.”

तपासण्या झाल्या, मेथोट्रेक्सेट सुरू झाले. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची. रोज घेतली तर जिवावर बेतते. मुलीने कॅलेंडरावरच्या सगळ्या सोमवारांभोवती लाल गोल काढून ठेवले आहेत.