चाळिशीत पुन्हा कॉलेज : अभ्यासही होईल, तब्येतही टिकेल

बारावी झाली, लग्न झाले आणि शिक्षण तिथेच थांबले. आता मुलगी कॉलेजात जाते, तेव्हा आईलाही वाटते की आपली राहिलेली डिग्री पूर्ण करावी. कामावर सुपरवायझरची जागा निघते, पण अर्जावर 'पदवीधर' अशी अट असते. अशा ताई आणि असे दादा आपल्या प्रत्येक वस्तीत आहेत. मुक्त विद्यापीठातून किंवा ऑनलाइन शिकता येते, हेही त्यांना ठाऊक असते. अडते ते एका प्रश्नावर : "या वयात आता डोक्यात शिरेल का?"

शिरेल. चाळिशीत मेंदू शिकायचा थांबत नाही. नवी नावे आणि सनावळ्या पाठ व्हायला विशीपेक्षा थोडा जास्त वेळ लागतो, एवढे खरे. पण घरखर्च, रेशन, बचतगटाचा हिशेब सांभाळलेल्या माणसाला अर्थशास्त्राचा धडा परका वाटत नाही. बऱ्याचदा खरी अडचण डोक्याची नसून थकलेल्या शरीराची असते. म्हणून प्रवेश घेण्याआधी तब्येतीचा विचार करू या.

झोप कापू नका

काम, स्वयंपाक, मुले यांतून वेळ उरत नाही, म्हणून पहिली कात्री झोपेला लागते. इथेच चूक होते. दिवसा वाचलेले मेंदूत पक्के होते ते झोपेत. मोठ्या माणसाला रोज किमान ७ तास झोप हवी. झोप मोडून रात्री दोनपर्यंत वाचलेले नीट लक्षात राहत नाही. वर दुसऱ्या दिवशी कामात चुका होतात, चिडचिड होते, आणि रक्तदाब किंवा साखर असेल तर त्रास वाढतो.

त्यापेक्षा रोज ४० मिनिटे ठरवून घ्या. आठवड्यातून सहा दिवस केले तरी ४ तास अभ्यास होतो. रविवारी एकदम चार तास बसण्यापेक्षा हे रोजचे थोडे थोडे जास्त दिवस लक्षात राहते. धडा वाचून झाला की पुस्तक मिटा आणि काय समजले ते न बघता वहीत लिहा किंवा घरातल्या कोणाला सांगा. पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा असे आठवून पाहण्याने धडा पक्का होतो.

रात्रपाळी करणाऱ्या दादांनी घरी येऊन आधी झोपावे, मग पुस्तक उघडावे. जागे राहण्यासाठी संध्याकाळनंतर चहा पिऊ नका. चहातले कॅफिन पाच-सहा तासांनीही निम्मे अंगात राहते आणि झोप उडवते.

डोळे आणि मान

चाळिशीनंतर जवळचे अक्षर धूसर दिसू लागते. यालाच आपण चाळिशी लागली म्हणतो. अभ्यासाला बसले की डोके दुखते, म्हणजे अभ्यास झेपत नाही असे समजू नका. आधी डोळे तपासून घ्या. कदाचित साध्या चष्म्याने काम होईल.

मोबाईलकडे टक लावून पाहताना पापण्या कमी लवतात, त्यामुळे डोळे कोरडे पडून चुरचुरतात. दर २० मिनिटांनी २० सेकंद वीस फुटांवर नजर टाका. दारात उभे राहून गल्लीच्या टोकाकडे पाहिले तरी चालते. अंधारात अंथरुणावर पडून लेक्चर पाहू नका. मोबाईल डब्यावर किंवा पुस्तकांच्या थप्पीवर डोळ्यांसमोर ठेवा, म्हणजे मान वाकणार नाही. शक्य असेल तिथे लेक्चर नुसते ऐका आणि वाचन छापील पुस्तकातून करा.

पुस्तक उघडताच डोळा लागतो?

याला आळस म्हणून मोकळे होऊ नका. विशेषतः ताईंनी रक्त तपासून घ्यावे. गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर रक्त कमी आहे. दम लागणे, थकवा येणे, लक्ष न लागणे ही त्याचीच लक्षणे असू शकतात. सरकारी दवाखान्यात ही तपासणी होते. डॉक्टरांच्या सल्ल्याने लोहाच्या गोळ्या घ्या. पालेभाजी, कडधान्ये, त्यावर लिंबू, आणि खात असाल तर मटण-मासे आहारात ठेवा. जेवणाबरोबर चहा घेऊ नका, त्याने अन्नातले लोह अंगाला कमी लागते. थकव्याबरोबर तहान आणि लघवी वाढली असेल, तर साखरही तपासा.

घर आणि मन

एका खोलीच्या घरात टीव्ही चालू असताना अभ्यास होत नाही. घरच्यांशी स्पष्ट बोला. ताई अभ्यासाला बसली की भांडी कोण घासणार, हे आधीच ठरले पाहिजे. काही विहारांत अभ्यासिका असतात. त्या फक्त स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी नाहीत. आईबापही तिथे बसू शकतात.

एखादा विषय राहिला तर लाज वाटून घेऊ नका. इग्नूमध्ये तीन वर्षांची बी.ए. पूर्ण करायला सहा वर्षांपर्यंत मुदत मिळते. परीक्षेच्या धास्तीने झोप उडाली, जेवण जाईना, सारखे रडू येऊ लागले, तर १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर फोन करा. ही सरकारी सेवा मोफत आहे.

प्रवेश घेताना

नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून मराठीतून शिक्षण देते. इग्नू १९८५ पासून आहे. दहावी-बारावी राहिली असेल, तर आधी सतरा नंबरचा फॉर्म भरून बोर्डाची परीक्षा देता येते. दुसऱ्या कुठल्या विद्यापीठात प्रवेश घेणार असाल, तर यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर त्याचे आणि त्या अभ्यासक्रमाचे नाव आहे का ते पाहा. नाव असेल तर ती पदवी नियमित कॉलेजच्या पदवीच्या बरोबरीची धरली जाते. इंजिनिअरिंग, मेडिकल, फार्मसी, कायदा यांची पदवी घरबसल्या मिळत नाही. 'एका वर्षात डिग्री' म्हणणाऱ्या एजंटच्या हातात पैसे देऊ नका. कर्ज काढून फसलेल्या माणसाची तब्येतही पैशाबरोबर जाते.

कमावता कमावता शिकणे आपल्याला नवे नाही. स्वतः बाबासाहेब मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केल्यावर, १९२० मध्ये राहिलेले शिक्षण पुरे करायला पुन्हा लंडनला गेले. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून तिथे सकाळचे वर्ग ठेवले गेले. तेव्हा नोकरदाराच्या वेळेप्रमाणे कॉलेज बदलले. आज मोबाईलमुळे वेळ आपल्याला ठरवता येते. ती ठरवताना झोपेचे ७ तास आधी बाजूला काढा आणि उरलेल्या वेळात अभ्यास बसवा. या आठवड्यात दोन कामे करा : डोळे आणि रक्त तपासा, आणि अभ्यासाची ४० मिनिटे कोणती ते घरच्यांसमोर ठरवा. फॉर्म त्यानंतर भरा.