सौम्य शब्दांची किंमत

२५ जानेवारी १९९० च्या रात्री कोलंबियाहून न्यूयॉर्कला आलेले आविआंका कंपनीचे बोइंग ७०७ विमान लाँग आयलंडवर कोसळले व १५८ पैकी ७३ जण मृत्युमुखी पडले. त्यातील इंधन संपले होते. खराब हवामानामुळे तासाहून अधिक काळ ते घिरट्या घालीत होते. 'आणीबाणी आहे असे सांग' ही कप्तानाची आज्ञा सहवैमानिकाने ऐकली. परंतु नियंत्रकाशी बोलताना त्याने इंधन संपत आल्याचे इतर मजकुराच्या ओघात सांगितले. तो शब्द उच्चारला गेलाच नाही. नियंत्रकाला हे वाक्य रोजच्यासारखेच वाटले असल्यास नवल नाही.

संकट डोळ्यांसमोर असताना माणूस इतके मवाळ का बोलतो? पेनेलोपी ब्राउन व स्टीफन लेव्हिन्सन या भाषाभ्यासकांनी १९७८ साली मांडले की, बोलण्यातील सौजन्य तीन गोष्टींवर ठरते : समोरच्याची सत्ता, त्याच्याशी असलेले अंतर आणि मागणीचा भार. ही तिन्ही वाढली की वाक्य आडवळण घेते. आपल्या कचेऱ्यांतील लिपिकाला हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. हिशेबात चूक दिसली तरी त्याच्या टिपणीत 'योग्य वाटल्यास फेरविचार व्हावा, आदेशार्थ सादर' एवढेच उमटते. स्पष्ट लिहिणाऱ्याला उद्धट ठरविले जाते, हे त्याने पाहिलेले असते. तेव्हा त्याच्या भाषेला भित्रेपणा म्हणणे अन्यायाचे होईल. तो धोक्याचा हिशेब करीत असतो, आणि तो हिशेब बहुधा बरोबरच असतो.

तोटा होतो तो संस्थेचा. एमी एडमंडसन यांच्या १९९६ च्या अभ्यासात, रुग्णालयातील ज्या विभागांचे नेतृत्व चांगले, तेथेच औषधांच्या चुका अधिक नोंदलेल्या आढळल्या. तेथील परिचारिका त्या उघडपणे सांगत होत्या, हे त्याचे कारण. चुकांचा रकाना कोरा पाहून समाधान मानणाऱ्या वरिष्ठांनी यावर विचार करावा.

विमानसेवेने पुढे दोन उपाय केले. कनिष्ठाने ठाम बोलावे व वरिष्ठाने ऐकावे, याचे प्रशिक्षण दिले. आणि इंधनटंचाईसाठी ठरावीक शब्द नेमले, म्हणजे बोलणाऱ्याला धीर गोळा करण्याची गरजच उरू नये. आपल्याकडेही असा शब्द आहे : 'तातडीचे'. परंतु तो इतक्या फायलींवर चिकटविला गेला, की चलनवाढीतील नोटेप्रमाणे त्याचे मोल उतरले. मग 'अत्यंत तातडीचे' आले, आणि आता त्या फायलीही त्याच गठ्ठ्यात पडून असतात.