आई-बाप धडधाकट, मग पोराला सिकलसेल कुठून?

मैत्रिणींनो, बैठकीत आरोग्याचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो. घरात त्याचं उत्तर बहुतेक वेळा एकच असतं: "सुनेच्या माहेरचं दुखणं आलं." तसं नसतं. कसं असतं ते बघू.

शरीर कसं घडवायचं याची माहिती आपल्या पेशींत जनुकांच्या रूपात लिहिलेली असते. जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. नवी पेशी होताना हा मजकूर पुन्हा उतरवला जातो आणि उतरवताना कधी एखादं अक्षर बदलतं. शाळेच्या पुस्तकात याला उत्परिवर्तन म्हणतात. बऱ्याच बदलांनी काहीच बिघडत नाही. वांग्याचे, भाताचे एवढे वाण झाले ते अशाच बदलांतून. जुन्या बायकांनी त्यातलं आवडलेलं बी राखलं, म्हणून ते टिकले.

सिकलसेलमध्येही एकच अक्षर बदललेलं असतं. रक्तातल्या हिमोग्लोबिनची एक साखळी म्हणजे 146 मण्यांची माळ समजा. त्यातला सहावा मणी वेगळा पडतो. बस, एवढंच! पण दोन्ही प्रती बदललेल्या असल्या (एसएस), तर गोल, मऊ लाल पेशी विळ्यासारखी वाकडी आणि कडक होते. ती बारीक नसांत अडकते, हातपाय, सांधे ठणकतात. चांगली पेशी 120 दिवसांच्या आसपास जगते, ही 10 ते 20 दिवसांत मरते. म्हणून अंगात रक्त कमी पडतं.

एकच प्रत बदललेली असेल, तर माणूस वाहक (एएस). तो शेतात राबतो, सहसा त्याला काही त्रास नसतो. उलट लहानपणी जीवघेण्या मलेरियापासून त्याचा बराच बचाव होतो. म्हणूनच आफ्रिकेत आणि आपल्याकडे गडचिरोलीसारख्या मलेरियाच्या मुलखात हा बदल पिढ्यान्‌पिढ्या टिकला.

आता मूळ प्रश्न. धडधाकट दिसणारे दोघंही एएस असू शकतात. मग प्रत्येक गरोदरपणात मूल एसएस होण्याची शक्यता 4 पैकी 1, एएस होण्याची 4 पैकी 2 आणि बदल नसलेलं, म्हणजे एए होण्याची 4 पैकी 1. पहिलं एसएस झालं म्हणून पुढची तीन सुटली असं नाही, दर वेळी हिशेब नव्यानं सुरू होतो. आणि एसएस मुलाला एक प्रत आईनं, तर दुसरी बापानं दिलेली असते. सासूबाईंना हे नीट समजावून सांगा.

जोडीतलं एक एएस आणि दुसरं एए असेल, तर मूल एसएस होत नाही. तेव्हा पोरगी एएस निघाली म्हणून स्थळ मोडायचं कारण नाही, मुलाचंही रक्त तपासा म्हणावं. सरकारी दवाखान्यात आधी रक्ताच्या थेंबावर साधी चाचणी होते. तिच्यात काही आढळलं, तर इलेक्ट्रोफोरेसिस नावाची दुसरी. ही दुसरी चुकवू नका, कारण पहिलीत एएस कोण आणि एसएस कोण ते कळत नाही. रिपोर्टचा कागद रेशनकार्डाच्या पिशवीतच ठेवा, गरोदरपणाच्या पहिल्याच तपासणीला तो दाखवायचा आहे.