आयातशुल्क आणि सोयाबीनचा भाव

आयातशुल्क म्हणजे परदेशी माल देशात उतरताना घेतला जाणारा कर. तो परदेश भरतो, असा समज आहे. प्रत्यक्षात भरतो आपलाच आयातदार आणि जुन्या जकातीसारखा गिऱ्हाइकाकडून वसूल करतो.

सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने कच्च्या सोयातेलावरचे मूळ शुल्क शून्यावरून २० टक्के केले. आता लातूर-नांदेडच्या तेलगिरण्या सावरतील, सोयाबीनला भाव येईल, ही अपेक्षा साहजिकच होती. तरी त्या हंगामात बाजारात सोयाबीन बहुतेक वेळ क्विंटलमागे ४,८९२ रुपयांच्या हमीभावाखालीच राहिले. कारण दाण्यात तेल जेमतेम १८ टक्के. उरते ती मुख्यतः पेंड (तेल काढल्यावरचा प्रथिनयुक्त चोथा). गिरणीचे गणित बरेचसे तिच्यावर चालते. पेंडीचा भाव जगाच्या बाजाराबरोबर हलतो आणि तेव्हा तो पडलेला होता; तेलावरचे शुल्क तिथवर पोचत नाही.

मे २०२५ अखेर हे शुल्क १० टक्क्यांवर आणले. नवी यंत्रे बसवणाऱ्या गिरणीमालकाला मात्र काही वर्षांचा भरवसा लागतो.