माळावरील काळवीट आणि कॅमेरा

अरण्यातील प्राण्याचे छायाचित्र घेणाऱ्यास झाडाचा आडोसा मिळतो, मचाण बांधता येते, पाणवठ्याकाठी एखाद्या खळग्यात बसून वाट पाहता येते. गवताळ माळावर यांपैकी काहीच नसते. गुजरातेत भावनगरच्या उत्तरेस, खंबायतच्या आखाताजवळ, भाल नावाचा सपाट प्रदेश आहे. तेथील वेळावदरच्या माळावर कॅमेरा घेऊन आलेल्या मनुष्यास काळविटांचा कळप दिसतो, त्यापूर्वीच बहुधा कळपाने त्यास पाहिलेले असते. तेव्हा येथे लपण्याचा प्रयत्न व्यर्थ होय. दिसत राहूनही प्राण्यास भय वाटू न देणे, हीच या छायाचित्रणाची खरी विद्या आहे.

मराठीत आपण चितळ, सांबर आणि काळवीट या सर्वांना सरसकट हरिणे म्हणतो. परंतु प्राणिशास्त्र यांत भेद करते. चितळाची व सांबराची शिंगे शाखायुक्त असून ती ठराविक काळाने गळून पुन्हा उगवतात. काळवीट हा कुरंग वर्गातील प्राणी. त्याच्या शिंगांस शाखा नसतात. आत हाडाचा गाभा व वर कठीण आवरण अशी त्यांची रचना असून ती जन्मभर टिकतात. पूर्ण वाढलेल्या नराची पिळदार शिंगे अर्ध्या मीटरहूनही लांब असतात. माद्या व तरुण नर पिवळसर तपकिरी. वयाबरोबर नराची पाठ व मान काळीभोर होत जाते, पोट मात्र पांढरेशुभ्र राहते. माद्यांना सहसा शिंगे नसतात.

वेळावदरचा माळ हे पूर्वी भावनगर संस्थानचे राखीव कुरण होते. माणसाळविलेल्या चित्त्यांकडून काळविटांची शिकार करविण्याचा छंद तेथेही होता. चित्त्यास डोळ्यांवर पट्टी बांधून बैलगाडीत बसवीत आणि गाडी कळपाजवळ नेत; कारण पायी चालणारा मनुष्य दिसताच उधळणारी काळविटे शेतकऱ्याच्या गाडीस फारशी भीत नसत. भारतातील मूळचा चित्ता १९५२ मध्ये नामशेष झाल्याचे घोषित झाले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळविटाची शिकार निषिद्ध ठरली, आणि १९७६ मध्ये हा माळ राष्ट्रीय उद्यान झाला. बैलगाडीचा धडा मात्र आजही उपयोगी पडतो. ठराविक वाटेने संथ जाणारे वाहन काळविटे सहन करतात; त्याच वाहनातून कोणी खाली उतरला, की क्षणार्धात सर्व माना वर होतात.

काळविटाची मुख्य भिस्त दृष्टीवर असते. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंस असल्यामुळे चरतानाही त्यास चोहोंकडचा बराच भाग दिसतो. सरळ आपल्या दिशेने येणारी वस्तू त्यास संशयास्पद वाटते आणि दबकत येणारी त्याहून अधिक, कारण लांडगाही असाच येतो. म्हणून जाणता छायाचित्रकार कळपाच्या रोखाने न जाता तिरकस दिशेने, जणू त्याच्याशी आपल्यास काही कर्तव्य नाही अशा रीतीने जातो आणि मधूनमधून थांबतो. एखाद्या मादीने चरणे सोडून मान उंचावली, कान पुढे रोखले, तर तेथेच थांबावे व ती पुन्हा गवतात तोंड घालीपर्यंत हलू नये. या प्रतीक्षेस दहा मिनिटे लागतात, कधी अर्धा तासही लागतो. भीतीने पळण्यापूर्वी प्राणी जेवढे अंतर सहन करतो, त्या अंतराच्या अलीकडे राहणे हाच येथील शिष्टाचार होय.

हे अंतर पुष्कळदा शंभर मीटर किंवा त्याहून अधिक असते. थोडे गणित करून पाहू. काळविटाची खांद्यापाशी उंची सुमारे ८० सेंटिमीटर. शंभर मीटरवरून नेहमीच्या ५० मिलिमीटर नाभ्यंतराच्या भिंगाने चित्र घेतल्यास फिल्मवर त्याची उंची अवघी ०.४ मिलिमीटर, म्हणजे टाचणीच्या टोकाएवढी भरते. ४०० मिलिमीटरच्या दूरदर्शी भिंगाने ती ३.२ मिलिमीटर होते. पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या चौकटीची उंची २४ मिलिमीटर, तेव्हा एवढ्या मोठ्या भिंगानेही प्राणी चौकटीचा सातवा-आठवा हिस्साच व्यापतो. उरलेल्या जागेत गवत व आकाश येते. नवशिक्यास ही उणीव वाटते. आमच्या मते ती उणीव नव्हे. काळवीट कोठे राहतो हे त्या उरलेल्या जागेतच लिहिलेले असते. चौकट भरून टाकणारे मस्तक प्राणिसंग्रहालयातही टिपता येते.

वेगाचेही असेच आहे. काळवीट तासाला सुमारे ८० किलोमीटर वेगाने धावू शकतो. म्हणजे सेकंदाच्या शंभराव्या भागात तो २२ सेंटिमीटर पुढे जातो, हजाराव्या भागात सुमारे दोन सेंटिमीटर. शटरचा वेग हजारावर ठेवला आणि प्राण्याबरोबर कॅमेराही त्याच गतीने फिरविला, तर धावता काळवीट स्पष्ट उमटतो. कळप बिथरला की एक मादी प्रथम सरळ वर उसळते, मग दुसरी, आणि पाहता पाहता सारा कळप उड्या घेत निघतो. हे दृश्य मनोहर खरे. परंतु त्यासाठी वाहन मागे लावून कळप पळविणे हा क्रूरपणा आहे. उन्हात दमछाक झालेल्या कुरंगाच्या स्नायूंची हानी होऊन तो पुढे मरूही शकतो. शिवाय नवजात पाडस गवतात निश्चल दडून असते व आई मुद्दामच दूर चरत असते. उधळलेल्या कळपामागे धावणाऱ्या चाकांना ते पाडस दिसत नाही. असे पाडस एकटे आढळल्यास ते टाकून दिलेले आहे असे समजून उचलू नये; चित्रासाठीही तेथे थांबू नये.

माळावर उत्तम प्रकाश सूर्योदयानंतरच्या दोन-तीन तासांचा. पुढे जमीन तापते, तिच्यालगतच्या हवेचे थर कमी-अधिक विरळ होतात आणि त्यांतून येणारे प्रकाशकिरण वाकतात. दूरवर पाणी लकाकल्याचा भास होतो, आणि काळविटांचे पाय त्या पाण्यात विरघळल्यासारखे दिसतात. आपल्या पूर्वजांनी यास मृगजळ हे नाव दिले, ते अशाच माळांवर पाहून दिले असावे. कितीही किमती भिंग असले तरी या थरथरत्या हवेतून रेखीव चित्र येत नाही. प्रकाशमापकाविषयीही एक सूचना द्यावयास हवी. नराच्या काळ्या पाठीवरून प्रकाश मोजल्यास पांढरे पोट कोरे, निस्तेज उमटते. म्हणून मोजमाप पांढऱ्या भागास अनुसरून करावे.

फेब्रुवारी-मार्चमध्ये वेळावदर येथे एक विलक्षण प्रकार पाहावयास मिळतो. अनेक नर माळाच्या एका भागात एकत्र येतात आणि प्रत्येक जण जमिनीचा एकेक लहान तुकडा धरून बसतो. त्या तुकड्यावर ना विशेष चारा, ना पाणी. मालकीची खूण म्हणजे लेंड्यांचा ढीग, आणि डोळ्यांजवळील ग्रंथीचा स्राव गवताच्या काड्यांना फासलेला. शेजारी हद्दीत शिरला की शिंगांस शिंगे भिडतात. मादी येताच नर नाकपुड्या आकाशाकडे उंचावतो, शिंगे पाठीवर टेकवतो, शेपटी वळवून ताठ पावले टाकीत तिच्याभोवती घुटमळतो. निवड मात्र तिची. हे एक स्वयंवरच म्हणावयाचे. मधल्या जागा धरणाऱ्या नरांना माद्या अधिक लाभतात, असे तेथील अभ्यासात आढळले आहे. म्हणून त्या जागांसाठी झुंजही अधिक, आणि खाण्यास वेळ कमी. अशा वेळी छायाचित्रकाराच्या आगाऊपणाने मादी निघून गेली, तर त्या नराच्या कित्येक दिवसांच्या कष्टांवर पाणी पडते. येथे वाहन दूरच थांबवावे, यंत्र बंद करावे, आणि नर स्वतः आपल्या हद्दीत फिरत समोर येईल तेव्हाच शटर दाबावे.

माळाचे दुर्दैव असे की, सरकारी दप्तरांत त्याची नोंद पुष्कळदा ‘पडीक’ अशी होत आली आहे. पडीक म्हटल्यावर तेथे झाडे लावणे, शेते पाडणे, कारखाने उभारणे हे सर्व सत्कृत्यच वाटू लागते. परदेशातून आणलेली वेडी बाभूळ, जिला गुजरातेत गांडो बावळ म्हणतात, अनेक माळांवर अशी पसरली की खाली गवत उरले नाही. काळविटास मोकळी दृष्टी हवी, काटेरी झुडपांची दाटी नको. महाराष्ट्रातील रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य तर अवघे दोन चौरस किलोमीटरांच्या आसपास आहे.

याकरिता माळाच्या छायाचित्रांस अभ्यासाचे मूल्य येते. एकाच जागी, एकाच दिशेस कॅमेरा रोखून दर वर्षी त्याच महिन्यात एक चित्र घ्यावे, मग त्यात काळवीट असो वा नसो. मागे तारीख, वेळ, भिंगाचे नाभ्यंतर, गवताची अंदाजे उंची आणि दिसलेले नर, माद्या व पाडसे यांची संख्या लिहावी. पाच-सहा वर्षांची चित्रे शेजारी ठेवली की, झुडूप कोठून पुढे सरकले आणि कळप कोणत्या बाजूस हटला, हे बोट ठेवून दाखविता येते.