म्हाताऱ्या फटफट्यांची धडपड

“मामा, येत्या रविवारी शर्यतीला यायचं बरं का!” असे भाच्याने सांगितले, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे महालक्ष्मीचे मैदान, दुर्बिणी लावलेले शौकीन आणि तुकतुकीत कांतीचे घोडे उभे राहिले. इंग्लंडात महिनाभर राहून तिथली शर्यत पाहिली नाही असे नको, म्हणून मी पेटीतला इस्त्रीचा कोट बाहेर काढला. तो पाहून सूनबाई हसू दाबत म्हणाली, “मामा, कोट राहू द्या. गमबूट घालावे लागतील.”

रविवारी सकाळी बर्मिंगहॅमबाहेरच्या एका शेतात पोहोचल्यावर गमबुटांचे रहस्य उलगडले. रात्रभर पाऊस पडून गेलेला, उतारावरचे गवत चेंदले गेलेले आणि जिकडेतिकडे चिखल! घोडे होते, पण लोखंडाचे. आणि त्यांतला प्रत्येक घोडा माझ्याहून वयाने मोठा होता. १९६५ सालच्या आधीच्या मोटरसायकली रस्ता सोडून रानातून, चढउतारांवरून पळवायच्या, अशी ही शर्यत. आमच्या भाच्याची ती पहिलीच खेप होती.

या नादाला तो लागला त्यामागे एक दुखणे आहे. तीन वर्षांपूर्वी त्याने नव्या पद्धतीची, अगदी ताज्या बनावटीची शर्यतीची फटफटी घेतली होती. मोटोक्रॉसमध्ये हल्ली मातीचे उंच उंचवटे रचतात आणि त्यांवरून स्वार पाखरासारखे उडतात. हाही उडाला, उतरताना मात्र चुकला. गळ्यालगतचे हाड मोडले आणि सहा आठवडे हात झोळीत राहिला. त्या वेळी त्यांची मुलगी चार महिन्यांची होती. सहा आठवडे त्याला तिला उचलून घेता आले नाही. फटफटी विकली गेली आणि त्या घरात हा विषय पुन्हा काढायचा नाही असे न बोलताच ठरले.

पण नाद तो नाद. वर्षभराने त्याने जुन्या फटफट्यांच्या शर्यतीचा विषय काढला. आजच्या शर्यतीच्या मोटरसायकलीचे चाक स्प्रिंगांवर जवळजवळ फूटभर खालीवर होते. जुनीचे मागचे चाक जेमतेम चार इंच. ती उंच उडू शकतच नाही. उडवलीच तर आधी स्वाराचे कंबरडे मोडेल. म्हणून या शर्यतींचा मार्गही साधा असतो : माळ, ओढा, चढ, उतार, झाडांमधली वळणे. सूनबाईने एवढेच विचारले, “म्हणजे पडणारच नाहीस, असं नाही ना?” भाचा म्हणाला, “नाही. पडायला होईलच.” मला वाटते, या खऱ्या उत्तरानेच त्याला परवानगी मिळवून दिली. अट मात्र पडली : पहिले वर्षभर नंबर काढायचा नाही. शर्यत पुरी करायची, आणि ज्या हातांनी गेलास त्याच हातांनी घरी यायचे.

मौज अशी की, ही अट या खेळाच्या मूळ स्वभावाला अगदी धरून आहे. २९ मार्च १९२४ रोजी सरे परगण्यातल्या कँबरलीच्या माळावर अशी पहिली शर्यत झाली. यॉर्कशरमध्ये स्कॉट नावाची एक कसोटी होत असे. तिच्यात वेगाबरोबरच अवघड जागी पाय न टेकता जाण्याचे कसबही पाहिले जाई. दक्षिणेकडच्या मंडळींनी कसबाचे गुण काढून टाकले आणि नुसता वेग ठेवला. मग हिला कसोटी कसे म्हणायचे, असा वाद निघाला आणि शेवटी ‘स्क्रँबल’ हे नाव पडले. स्क्रँबल म्हणजे आपली धडपड! मराठीत या शब्दात खटपटही आहे आणि पडणेही आहे. इतके चपखल भाषांतर क्वचितच सापडते. त्या दिवशी ८० जण निघाले आणि ४० पोहोचले. निम्म्यांना शेवट गाठता आला नाही, ही गोष्ट नवख्याने उशाशी लिहून ठेवावी.

इंग्रजांचा हा रानटी खेळ फ्रेंच-बेल्जियन लोकांनी उचलला आणि त्याचे ‘मोटोक्रॉस’ असे बारसे केले. १९४७ साली हॉलंडात राष्ट्राराष्ट्रांमधला सामना झाला, १९५२ साली युरोपचे अजिंक्यपद सुरू झाले आणि १९५७ साली ते जगाचे झाले. पहिला जगज्जेता स्वीडनचा बिल निल्सन. १९६४ आणि १९६५ अशी लागोपाठ दोन वर्षे हा मान जेफ स्मिथ या इंग्रजाने मिळवला, तो बर्मिंगहॅमच्याच बीएसए कारखान्याच्या फटफटीवर. बीएसए म्हणजे ‘बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स’. मूळ धंदा बंदुकांचा! हाच स्मिथ पुढे अमेरिकेत गेला आणि तिथे जुन्या मोटरसायकलींच्या शर्यती भरवणाऱ्या संघटनेचा कारभार त्याने कित्येक वर्षे पाहिला.

जुनी म्हणजे नेमकी किती जुनी, असा प्रश्न वाचकांना पडेल. इंग्लंडातल्या पुष्कळ क्लबांनी १९६५ ची रेघ ओढली आहे. अमेरिकेत मूळच्या जुन्या वर्गांना दुसरी मोजपट्टी लावतात : मागचे चाक ४ इंचांपेक्षा आणि पुढचे ७ इंचांपेक्षा अधिक खालीवर होता कामा नये. या इंचांना इतिहास आहे. ल्युसियाँ टिल्केन्स या बेल्जियन अभियंत्याने मागच्या चाकाला दोन बाजूंच्या दोन शॉक-अ‍ॅब्सॉर्बरांऐवजी मधोमध एकच लांब बसवण्याची युक्ती काढली. यामाहाने ती घेतली आणि १९७३ साली हाकान अँडरसनने तीवर २५० सीसीचे जगज्जेतेपद जिंकले. त्यानंतर दोनतीन वर्षांतच सगळ्यांच्या स्प्रिंगा लांबल्या, वेग वाढला, उड्या वाढल्या आणि आदल्या साली जिंकलेली यंत्रे एका रात्रीत म्हातारी झाली. जुन्यांच्या शर्यतीत ही सुधारणाच निषिद्ध आहे. इंजिन घासूनपुसून लख्ख करा, पण चाकाला पाचवा इंच देऊ नका! सुधारणेला बंदी घालणारा खेळ पाहून मी आधी हसलो होतो. मागून कळले, की यंत्राने हात टेकले तिथेच माणसाचे कसब सुरू होते, आणि ते राखण्यासाठीच ही रेघ आहे.

आता आरंभ कसा करायचा ते भाच्याच्याच अनुभवावरून सांगतो. त्याने पहिला खर्च फटफटीवर केला नाही, पेट्रोलवर केला. एक हंगामभर तो नुसता प्रेक्षक म्हणून हिंडला, दोरी धरायला, झेंडे दाखवायला उभा राहिला. क्लबाला अशा माणसांची नेहमीच चणचण असते. त्यातून ओळखी झाल्या, कोणत्या वळणावर कोण का पडतो ते दिसले आणि मुख्य म्हणजे कोणती फटफटी घेऊ नये ते कळले. बीएसएची ‘गोल्ड स्टार’ सर्वांत देखणी. पण तिच्या किमतीत नवख्याने पडू नये, कारण मोडली तर दुःख दुहेरी. याने ३४३ सीसीची, ‘बी-४०’ जातीची साधी बीएसए घेतली. ही १९६० नंतर पुष्कळ निघाली, सुटे भाग अजून मिळतात, आणि स्मिथची जगज्जेती फटफटी याच घराण्यातली, एवढा मोठेपणा तिला पुरे.

त्याचा दुसरा नियम असा, की खोक्यांत भरलेली फटफटी स्वस्तात मिळाली तरी घेऊ नये, चालती घ्यावी. सांगाड्याच्या सांध्यांना तडा आहे का ते पाहावे. मागचे चाक धरून आडवे हलवावे; खडखडले तर बुशे गेली. आऱ्यांवर पान्याने टिचक्या मारून सूर ऐकावा. ढिला आरा बद्द वाजतो. गिअर घालून चढावर न्यावी; गिअर आपोआप सुटत असेल तर नमस्कार करून परत यावे. फटफटीइतकेच लक्ष अंगावरच्या चिलखताकडे द्यावे. शिरस्त्राण, चष्मा, हातमोजे, गुडघ्यापर्यंतचे बूट, छाती-पाठीचे कवच हे सगळे मात्र नवे घ्यावे. फटफटी १९६४ ची शोभते, शिरस्त्राण नाही!

इथे एक योगायोग सांगण्याजोगा आहे. जुन्या विलायती मोटरसायकलींचा गिअर उजव्या पायाला आणि मागचा ब्रेक डाव्या पायाला असतो. आजच्या तरुण इंग्रजांचे पाय तिथे गोंधळतात. आमचा भाचा मात्र साताऱ्यात वडिलांच्या जुन्या बुलेटवर शिकलेला. गिअर उजवीकडे, आणि किक मारण्यापूर्वी मीटरच्या काट्याकडे पाहत पिस्टन बेताने वर आणून किंचित पुढे सरकवायचा, मग एकच पुरी किक, हे शास्त्र त्याने घरीच घोटलेले. आपल्याकडे १९५५ पासून मद्रासेस तयार होत आलेली ही बुलेट मूळची याच रानातली, हे किती जणांना ठाऊक असेल? १९४८ साली इटलीत झालेल्या सहा दिवसांच्या कसोटीत नव्या बुलेटवरच्या दोघा स्वारांनी सुवर्णपदके मिळवली, आणि पुढे जॉनी ब्रिटनने १९५२ व १९५७ साली स्कॉटलंडची सहा दिवसांची कसोटी बुलेटवरच जिंकली. दुधाच्या किटल्या वाहणारी आपली बुलेट माहेरी केवढी रणरागिणी होती!

असो. शर्यतीकडे वळू. आधी तपासनीस आला. ब्रेक व क्लचच्या दांड्यांच्या टोकांना गोळे आहेत ना, चेनच्या पुढच्या चक्रावर झाकण आहे ना, मूठ सोडताच इंजिनाचा वेग आपोआप उतरतो ना, हे सारे त्याने हाताने पाहिले. मग वीसेक फटफट्या रबरी फितीपुढे ओळीने उभ्या राहिल्या. फीत सुटली आणि जो गडगडाट झाला त्याने माझ्या छातीत धडधडले. सूनबाई मुलीचे कान झाकून उभी होती. पहिल्याच वळणावर सगळे एकात एक घुसले. आमचा मात्र सर्वांत मागे, शहाण्यासारखा.

तिसऱ्या फेरीला तो दिसेना. मग फटफटी ढकलत येताना दिसला. क्लचची केबल तुटली होती. आदल्या रात्री तपासायची राहून गेली होती, त्याचीच चूक. शर्यत पुरी करण्याची अट पहिल्याच डावात मोडली, म्हणून तो खाली मान घालून बसला. इतक्यात, त्याच शर्यतीत नुकतेच धावलेले, सत्तरीचे एक गृहस्थ आले, आपल्या पेटीतली जादा केबल त्यांनी काढली आणि गुडघे चिखलात टेकून ती बसवूनही दिली. पैसे विचारले तर म्हणाले, पुढच्या नवख्याला एक दे.

दुसरा डाव पुरा झाला. तिसऱ्यात शेवटच्या चढावर पुढचा स्वार घसरला, आणि आतल्या बाजूने हातभर वाट मोकळी झाली. ब्रेकची भांडी ओढ्याच्या पाण्याने भिजलेली. शिरला असता तर दोन जागा वर आला असता, किंवा त्या पडलेल्या माणसावर गेला असता. मूठ मिटताना मी त्याला स्पष्ट पाहिले. तो बाहेरून, लांबच्या वाटेने गेला. शेवटून चौथा आला.

त्याने फटफटी टेकवून उभी केली, हातमोजे काढले. मुलगी सूनबाईचा हात सोडून चिखलातून धावत सुटली. त्याने तिला दोन्ही हातांनी उचलून खांद्यावर घेतले. तिचा नवा पांढरा कोट पार बरबटून गेला.

सूनबाई कपड्यांबाबत फार काटेकोर आहे. त्या दिवशी मात्र ती काही बोलली नाही. पिशवीतून तिने डबा काढला आणि पहिली पोळीभाजीची गुंडाळी त्या केबलवाल्या आजोबांना नेऊन दिली.