देवगड ते वेंगुर्ले : उन्हाळी जलप्रवासातील सागरी जीवसृष्टी

सिंधुदुर्ग जिल्ह्याला सुमारे १२० किलोमीटर लांबीचा समुद्रकिनारा लाभला आहे. देवगडपासून वेंगुर्ल्यापर्यंतचा हा पट्टा रस्त्याने पाहिला तर माडांच्या बागा, पुळणी आणि किल्ले दृष्टीस पडतात. होडीतून पाहिला तर त्याचे निराळेच रूप समोर येते. खाडीमुखे, खडकाळ बेटे आणि उथळ समुद्र यांच्या आश्रयाने जगणारी जीवसृष्टी पाहण्यास एप्रिल व मे हे महिने सोयीचे होत. या दिवसांत सकाळी समुद्र बहुधा शांत असतो. दुपारनंतर समुद्रावरून खारा वारा सुटतो आणि लाटा वाढतात. म्हणून जाणते नावाडी पहाटे निघून उन्हे चढण्यापूर्वी पुढील बंदर गाठतात. असा टप्प्याटप्प्याने केलेला प्रवास जितका सुखावह, तितकाच उद्बोधकही ठरतो.

खाडीतील कांदळवने

आचरा आणि कर्ली या खाड्यांच्या काठी कांदळवने आहेत. ओहोटीच्या वेळी चिखलातून वर आलेली श्वसनमुळे, त्यांच्याभोवती वावरणारे खेकडे आणि दबा धरून बसलेले बगळे येथे सहज दिसतात. समुद्रबगळा कधी करडा, तर कधी पांढरा आढळतो. ते दोन निराळे पक्षी नसून एकाच जातीची दोन रूपे आहेत, हे पुष्कळांना ठाऊक नसते. हिवाळी पाहुणे पक्षी एप्रिलमध्ये उत्तरेकडे परतू लागतात. ब्राह्मणी घार व खंड्या मात्र वर्षभर सोबत करतात. अनेक जातींच्या मासळीची आणि कोळंबीची पिले याच मुळांच्या आडोशाने वाढतात. म्हणजे कांदळवन तुटले की त्याची झळ मच्छीमाराच्या जाळ्यापर्यंत पोहोचते. महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये पांढऱ्या चिपीला राज्य कांदळवृक्षाचा दर्जा दिला, त्यामागे या वनांचे महत्त्व लोकांच्या लक्षात यावे हाही हेतू होता.

गादा आणि कासव

मालवण, देवबाग आणि निवतीच्या समुद्रात पाठीवर उंचवटा असलेले डॉल्फिन दिसतात. कोकणातील मच्छीमार डॉल्फिनला 'गादा' म्हणतात. हा मासा नव्हे, तर सस्तन प्राणी होय. श्वास घेण्यासाठी त्याला वारंवार पाण्यावर यावे लागते आणि मादी पिलाला दूध पाजते. तो किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यातच राहतो. माणसाच्या होड्या, जाळी आणि सांडपाणीही तेथेच येतात. त्यामुळे ही जात आज जागतिक पातळीवर संकटग्रस्त गणली जाते.

डॉल्फिन दिसताच त्याच्या मागे होडी पिटाळणे हा अनेक सहलींतील दोष आहे. पाठलाग झाला की कळप विखुरतो, पिले मागे पडतात आणि पाहणाऱ्याच्या पदरीही काही पडत नाही. याउलट होडी दूर ठेवून यंत्राचा वेग कमी केला आणि कळपाची वाट मोकळी सोडली, तर कित्येकदा बराच वेळ निरीक्षण करता येते.

ऑलिव्ह रिडले जातीची कासवे हिवाळ्यात तांबळडेग, वायंगणी आदी पुळणींवर अंडी घालतात. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात. सुमारे पन्नास दिवसांनी पिले बाहेर पडून समुद्राची वाट धरतात. उशिराच्या घरट्यांतील पिले थेट उन्हाळ्यापर्यंत निघत राहतात. समुद्रात वाढलेले कासवही श्वासासाठी वर येते. जाळ्यात अडकून ते वर येऊ शकले नाही, तर गुदमरून मरते. त्याला सोडवायचे तर पुष्कळदा जाळे कापावे लागते आणि जाळे हेच मच्छीमाराचे भांडवल असते. ही अडचण ओळखून डिसेंबर २०१८ पासून राज्यात अशा नुकसानीबद्दल २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना सुरू करण्यात आली. संरक्षणाचा भार एकट्या गरिबाच्या शिरावर पडू नये, हे तिचे मर्म आहे.

मालवणचे अभयारण्य

सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालच्या खडकांवर प्रवाळ, समुद्रफुले आणि रंगीत मासे आढळतात. १३ एप्रिल १९८७ रोजी येथील सुमारे २९ चौरस किलोमीटर क्षेत्र सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाले. मासेमारीवर निर्बंध येतील या भीतीने स्थानिक मच्छीमारांनी त्याला विरोध केला. त्या विरोधामागे पोटाचा प्रश्न होता, हे विसरून चालणार नाही. प्रवाळ हा सूक्ष्म प्राण्यांनी हळूहळू रचलेला सांगाडा असतो. होडीचा नांगर त्यावर पडला किंवा हौशी पर्यटकाने पाय ठेवला, तर अनेक वर्षांची वाढ क्षणात मोडते.

पाकोळ्यांची बेटे

वेंगुर्ल्याच्या पश्चिमेस भर समुद्रात खडकाळ बेटांचा समूह आहे. तेथील अंधाऱ्या गुहेत पाकोळ्या आपल्या लाळेपासून घरटी बांधतात. काळोखात त्या टकटक असा ध्वनी काढतात आणि त्याच्या प्रतिध्वनीवरून वाट शोधतात. पूर्व आशियात या घरट्यांचे सूप करतात, त्यामुळे त्यांना मोठी किंमत येते. या शतकाच्या आरंभी येथील घरट्यांची तस्करी उघडकीस आली. त्यानंतर चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेने पाकोळ्यांच्या संरक्षणाचे कार्य हाती घेतले. विणीचा हंगाम नेमका उन्हाळ्यात येत असल्याने प्रवाशांनी बेटावर न उतरता पक्ष्यांची ये-जा होडीतूनच पाहणे योग्य ठरते.

गावाची जबाबदारी

या प्रवासात जे दिसते, ते दाखवणारा आणि राखणारा अखेर नावाडीच असतो. कासवाचे घरटे कोठे आहे, गादा कोणत्या वेळी खाडीमुखाशी येतो, नांगर कोठे टाकू नये, हे त्याला ठाऊक असते. किनाऱ्यावरील ग्रामपंचायतींनी नावाड्यांच्या संमतीने होड्यांची संख्या, वेग आणि अंतर यांचे साधे नियम ठरवावेत. शिक्षकांनी मुलांना निदान एकदा खाडीची सफर घडवावी. जाळ्याच्या भरपाईचा अर्ज कसा करावा, याची माहिती अधिकाऱ्यांनी प्रत्येक बंदरावर पोहोचवावी. पावसाळा तोंडावर आला की होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात आणि समुद्राला विश्रांती मिळते. नारळी पौर्णिमेनंतर त्या पुन्हा पाण्यात लोटल्या जातील, तेव्हाही गादा आणि कासव तेथे असावेत, यातच किनाऱ्यावरील माणसाचेही हित आहे.